म्हाताऱ्या मांजराच्या बशीत काय वाढावं?

घरातलं मांजर म्हातारं व्हायला लागलं की त्याची पहिली खूण बहुधा पाण्यापाशी दिसते. जन्मभर पाण्याकडे ढुंकून न पाहणारी मनी एकाएकी बादलीच्या काठावर पुढचे पाय टेकवून पाणी प्यायला लागते, मोरीतल्या ओल्या फरशीला जीभ लावते. तिच्या वाळूच्या ट्रेमध्ये पूर्वीपेक्षा मोठे ओले गोळे निघतात. अंगावरचे केस विस्कटतात, पाठीवरून हात फिरवला तर मणके मोजता येतात, आणि एक दिवस ती आवडीच्या मांदेलीकडेही पाठ फिरवते. घरचे म्हणतात, वय झालं. वय झालेलं असतंच. पण पुष्कळदा त्याच्या जोडीला मूत्रपिंडंही थकलेली असतात. दहा वर्षांपुढच्या मांजरांमध्ये मूत्रपिंडाचा जुनाट विकार ही नेहमी भेटणारी गोष्ट आहे.

मी व्यवसायाने पशुवैद्य. रक्ततपासणीचा कागद हातात पडल्यावर मांजर घेऊन आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न सहसा औषधाचा नसतो. ‘डॉक्टर, आता हिला खायला काय घालू?’ हा असतो. प्रश्न साधा आहे. त्याचं उत्तर शोधायला मात्र शास्त्राला शंभरावर वर्षं लागली, आणि त्यातली बरीचशी वर्षं मांजर सोडून इतरांकडे पाहण्यात गेली. आधी माणूस, मग कुत्रा, मग प्रयोगशाळेतला उंदीर आणि शेवटी मांजर, असा हा क्रम आहे.

ही हकिकत सांगण्याचं कारण आहे. आजही मांजराच्या मालकाच्या कानावर निरनिराळ्या काळांतले सल्ले एकदमच येतात. शेजारी म्हणतात, मांस-मासे बंद करा. दुसरं कोणी म्हणतं, मांजर मांसाहारी आहे, कच्चं मांसच घाला. दुकानदार पाकीट पुढे करतो. कोणता सल्ला कुठल्या काळातला आणि कोणत्या प्राण्याकडे पाहून दिलेला, हे कळलं तर निवड करणं सोपं जातं.

माणसाकडून कुत्र्याकडे

लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली आपल्या रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. अंगावर सूज आलेल्या काही रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरली, की ती अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठते, आणि असे रुग्ण दगावल्यावर शवविच्छेदनात त्यांची मूत्रपिंडं बिघडलेली आढळतात, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे शंभरावर वर्षं मूत्रपिंडाच्या दाहाला ‘ब्राइटचा आजार’ हेच नाव होतं. औषध हाती नव्हतं. म्हणून डॉक्टरांचं लक्ष ताटाकडे वळलं.

या विचाराला पक्का आकार दिला थॉमस ॲडिस यांनी. ते मूळचे एडिंबरोचे. १९११ साली ते कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला गेले. त्यांचं म्हणणं असं : आपण प्रथिनं खातो, शरीर ती वापरतं आणि मागे युरियाचा कचरा उरतो. तो बाहेर टाकणं हे मूत्रपिंडाचं मोठं काम. पाय मुरगळला तर आपण त्यावर भार टाकत नाही. तसंच आजारी मूत्रपिंडावरचं ओझं कमी करायचं, म्हणजे प्रथिनं कमी खायची. १९४१ साली रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांना ब्राइटचा आजार झाला, तेव्हा ॲडिस यांनी त्यांना कमी प्रथिनांचा, कमी मिठाचा आहार आणि भरपूर पाणी सांगितलं. पॉलिंग यांच्या पत्नी एव्हा हेलन घरी प्रत्येक पदार्थातली प्रथिनं मोजून वाढत. पॉलिंग पुढे दोन नोबेल पारितोषिकांचे मानकरी झाले आणि १९९४ साली ९३व्या वर्षी वारले. एका रुग्णावरून सिद्धांत ठरत नाही; पण अशा उदाहरणांनी कमी प्रथिनांच्या कल्पनेचं वजन वाढलं.

या काळात मांजर कुठे होतं? पशुवैद्यकात ते जवळजवळ नव्हतंच. युरोपात पशुवैद्यक वाढलं ते घोड्यांसाठी आणि गुराढोरांसाठी. आपल्या मुंबईतही १८८३ सालचं परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि १८८६ सालचं पशुवैद्यक महाविद्यालय उभं राहिलं, तेव्हा ट्रामगाड्या आणि व्हिक्टोरिया ओढणारे घोडे, बैल हेच मुख्य रुग्ण होते. मांजर आजारी पडलं तर ते कोपऱ्यात जाऊन बसे आणि आपलं आपण बरं होई किंवा मरे.

कुत्र्याचं भाग्य जरा लवकर उजाडलं. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये मार्क मॉरिस या पशुवैद्यांनी १९२८ साली केवळ छोट्या प्राण्यांसाठी दवाखाना काढला. अशा दवाखान्यांमधला तो अगदी सुरुवातीचा. त्याच साली मॉरिस फ्रँक नावाचा अंध तरुण स्वित्झर्लंडमध्ये डॉरोथी युस्टिस यांच्या केंद्रात बडी नावाच्या जर्मन शेफर्ड कुत्रीबरोबर चालायला शिकला. अमेरिकेतली ती पहिली वाटाडी कुत्री. तिला घेऊन फ्रँक देशभर फिरला आणि अशा कुत्र्यांना हॉटेलांत, आगगाड्यांत प्रवेश मिळावा म्हणून झगडला. १९३०च्या दशकाच्या अखेरीस फ्रँकच्या वाटाड्या कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली, तेव्हा तो डॉ. मॉरिस यांच्याकडे आला. मॉरिस यांनी माणसांच्या वैद्यकातलाच विचार उचलला. थोडी पण चांगल्या दर्जाची प्रथिनं आणि कमी मीठ असं खाणं त्यांनी तयार केलं.

कुत्रा सुधारला. मग इतर पशुवैद्य ते खाणं मागू लागले. मॉरिस पती-पत्नी स्वयंपाकघरात ते शिजवून काचेच्या बरण्यांत भरत. बरण्या वाटेत फुटत, म्हणून पत्र्याचे डबे आले. मागणी आवरेना, तेव्हा १९४८ साली कॅन्सास राज्यातल्या टोपेका गावच्या हिल पॅकिंग कंपनीशी करार झाला. आजारी प्राण्यांसाठी चिठ्ठीवर मिळणाऱ्या आहाराचा धंदा इथून सुरू झाला. पुढे त्यात मांजरांचेही डबे आले, आणि त्यांच्यामागचा मुख्य विचार तोच राहिला : प्रथिनं कमी.

मांजराचं वेगळेपण

इथे एक गोष्ट राहून गेली होती. मांजराला कुत्र्याच्या मापाने मोजता येत नाही. कुत्रा आपल्यासारखाच मिश्राहारी. भाकरी-ताकावरही तो तग धरतो. मांजर मात्र हाडाचं मांसाहारी. पण ‘हाडाचं’ म्हणजे नेमकं काय, हे १९७०च्या दशकापर्यंत कोणी नीट तपासलं नव्हतं.

हे काम मुख्यतः कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या क्विंटन रॉजर्स आणि जेम्स मॉरिस यांनी केलं. हे मॉरिस वेगळे. माणूस किंवा कुत्रा काही दिवस कमी प्रथिनं खाऊ लागला, की त्याचं यकृत काटकसर करू लागतं आणि प्रथिनं जाळण्याचा वेग उतरवतं. मांजराच्या यकृताला ही काटकसर जवळजवळ जमतच नाही, असं १९७७ साली त्यांच्या प्रयोगांतून दिसलं. बाहेरून आवक कमी झाली तरी आतला खर्च चालूच राहतो. मग शरीर स्वतःचे स्नायू मोडून तो खर्च भागवतं. दुसऱ्याच वर्षी त्यांनी दाखवलं, की आर्जिनिन हे एकच अमिनो आम्ल वगळून दिलेल्या एका जेवणानेही मांजराच्या रक्तात अमोनिया चढतो आणि काही तासांत ते गंभीर आजारी पडतं.

टॉरिन या द्रव्याची कथा तर आणखी बोलकी आहे. कुत्रा ते आपल्या शरीरात बनवतो. मांजराला ते पुरेसं बनवता येत नाही, मांस-मासळीतूनच घ्यावं लागतं. टॉरिनच्या अभावाने मांजराच्या डोळ्यांचा पडदा झिजतो, हे १९७५ साली सिद्ध झालं. १९७८ साली कुत्र्याचं खाणं खाऊन मांजरांची दृष्टी अधू झाल्याची नोंद छापून आली. आणि १९८७ साली डेव्हिसच्याच पॉल पायॉन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की बाजारातलं प्रतिष्ठित खाणं खाणाऱ्या मांजरांचं हृदयही टॉरिन कमी पडल्याने दुबळं होतं, आणि टॉरिन दिल्यावर ते सुधारतं. त्यानंतर कारखान्यांनी मांजराच्या खाण्यात टॉरिनचं प्रमाण वाढवलं.

आता हे मूत्रपिंडाच्या प्रश्नाशी जोडून पाहा. ज्या प्राण्याला प्रथिनांची काटकसर जमत नाही, त्याच्याच प्रथिनांवर कात्री चालवायची, आणि तीही तो आधीच हडकलेला असताना! कात्री मुळीच चालवू नये असा याचा अर्थ नाही. युरिया फार चढला की मांजराला मळमळतं, तोंडात फोड येतात. तेव्हा प्रथिनं काही प्रमाणात उतरवावीच लागतात. पण ‘जितकी कमी तितकी बरी’ हा नियम मांजराला लावता येत नाही.

नत्राकडून स्फुरदाकडे

आपल्या शेतकऱ्याला खताच्या पोत्यावरचे तीन शब्द पाठ असतात : नत्र, स्फुरद आणि पालाश. मांजराच्या मूत्रपिंडाची गोष्टही याच तीन शब्दांत सांगता येते. प्रथिनांतून येतो तो नत्र, म्हणजे नायट्रोजन. स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅशियम.

नत्राबद्दलचा सिद्धांत १९८२ साली पुन्हा जोरात पुढे आला. बॅरी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी प्रामुख्याने उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडलं, की काही गाळण्या गेल्या की उरलेल्यांवर दाब वाढतो, जास्त प्रथिनं खाल्ल्याने तो आणखी वाढतो आणि त्याही झिजतात. मूत्रपिंड म्हणजे लाखो बारीक गाळण्यांचा संच. माणसाच्या एका मूत्रपिंडात त्या सुमारे दहा लाख, तर मांजराच्या सुमारे दोन लाख असतात. सिद्धांत पटण्यासारखा होता. पण माणसांवरच्या मोठ्या अमेरिकन चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली आले, तेव्हा प्रथिनं कमी करण्याचा अपेक्षेइतका स्पष्ट फायदा दिसला नाही. मांजरांवरचे प्रयोगही एकमेकांशी जुळेनात. १९९४ सालच्या एका प्रयोगात जास्त प्रथिनं आणि जास्त उष्मांक मिळालेल्या मांजरांच्या गाळण्या अधिक बिघडल्या. १९९८ साली जॉर्जिया विद्यापीठाच्या डेल्मर फिन्को यांनी प्रथिनं आणि उष्मांक वेगवेगळे करून तपासलं, तेव्हा प्रथिनांच्या कमीजास्त प्रमाणाने आजाराच्या गतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

स्फुरदाचं पारडं मात्र जड होत गेलं. त्याच जॉर्जिया विद्यापीठात १९८२ साली एक प्रयोग झाला होता. शस्त्रक्रियेने मूत्रपिंडाचा मोठा भाग काढलेल्या मांजरांपैकी काहींना नेहमीइतका फॉस्फरस आणि काहींना कमी फॉस्फरस असलेलं खाणं दिलं. पहिल्या गटाच्या मूत्रपिंडांत चुन्यासारखे क्षार साठले, ती तंतुमय झाली. दुसऱ्या गटात हे फारच थोडं दिसलं. कारण असं, की थकलेल्या मूत्रपिंडाला फॉस्फरस बाहेर टाकता येत नाही. रक्तात तो वाढू नये म्हणून शरीर पॅराथायरॉइडसारख्या ग्रंथींची संप्रेरकं सोडतं. ती हाडांवर आणि उरल्यासुरल्या गाळण्यांवर परिणाम करतात.

त्या काळच्या डब्यांबाबत एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मांस कमी केलं की प्रथिनं कमी होतात, आणि मांसाबरोबर येणारा फॉस्फरसही कमी होतो. म्हणजे जुन्या पद्धतीच्या खाण्याने मांजरांना जो गुण येई, त्याचं श्रेय नत्राला दिलं गेलं तरी त्यातला बराच वाटा स्फुरदाचा असावा.

पालाशाची कहाणी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातली. मान वर न उचलता येणारी, चालताना अडखळणारी मांजरं कोलोरॅडोतल्या पशुवैद्यांकडे येऊ लागली. त्यांच्या रक्तातलं पोटॅशियम घसरलेलं होतं. पुढे १९९३ साली असं दिसलं, की पोटॅशियम कमी आणि आम्लता जास्त असलेलं खाणं दीर्घकाळ खाल्लेल्या मांजरांत मूत्रपिंडाचा विकारच उद्भवला होता. त्यानंतर मांजराच्या खाण्यातलं पोटॅशियम वाढवण्यात आलं. माणसाच्या मूत्रपिंडविकारात डॉक्टर पुष्कळदा शहाळं, केळी बंद करायला सांगतात, कारण तिथे पोटॅशियम चढण्याची भीती असते. मांजरात बहुधा उलट, ते उतरण्याची भीती असते. घरातल्या आजोबांचं पथ्य मांजराला लावू नये, ते एवढ्यासाठीच.

मांजरांनीच दिलेली साक्ष

हे सगळे बहुतेक प्रयोगशाळेतले प्रयोग. घरात राहणाऱ्या, आपोआप आजारी पडलेल्या मांजरांचं काय? याचं उत्तर यायला २००० साल उजाडलं. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजचे जोनाथन एलियट आणि सहकाऱ्यांनी ५० मांजरांचा मागोवा घेतला. सगळ्यांना फॉस्फरस आणि प्रथिनं कमी असलेलं खाणं सुचवलं होतं. २९ मांजरांनी ते स्वीकारलं. २१ मांजरं नेहमीच्याच खाण्यावर राहिली. कुठे मांजराने तोंड फिरवलं, तर कुठे मालकाची तयारी नव्हती. नेहमीचं खाणाऱ्यांमधलं मधलं मांजर निदानानंतर २६४ दिवस जगलं, म्हणजे पावणेनऊ महिने. पथ्याचं खाणाऱ्यांमधलं मधलं मांजर ६३३ दिवस, म्हणजे जवळजवळ एकवीस महिने.

आकडे मोठे आहेत, पण एक शंका रास्त होती. ज्या मांजरांनी नवं खाणं नाकारलं, ती आधीपासूनच जास्त आजारी असतील तर? म्हणून मिनेसोटा विद्यापीठात शेरी रॉस, कार्ल ऑस्बोर्न आणि सहकाऱ्यांनी ४५ मांजरांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले आणि कोणाला कोणतं खाणं आहे हे मालक आणि तपासणारे डॉक्टर दोघांनाही न सांगता दोन वर्षं पाहिलं. निष्कर्ष २००६ साली छापून आले. नेहमीच्या खाण्यावरच्या २३ मांजरांपैकी सुमारे २६ टक्क्यांना मूत्रपिंड निकामी होण्याचे तीव्र झटके आले; पथ्याच्या खाण्यावरच्या २२ मांजरांपैकी एकालाही नाही. पहिल्या गटातली सुमारे २२ टक्के मांजरं मूत्रपिंडाच्या कारणाने गेली, दुसऱ्यातलं एकही नाही.

अशा संशोधनात खाद्यकंपन्यांचा पैसा आणि माणसं पुष्कळदा गुंतलेली असतात, हेही वाचकांना ठाऊक असावं. त्यामुळे एखाद्या ब्रँडच्या जाहिरातीवर मी भुलणार नाही. पण चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीचा निकाल जाहिरातीहून वेगळा असतो. ठरावीक टप्प्यापासून खाणं बदलल्याने मांजराचं आयुष्य वाढतं, हे आज भक्कमपणे सांगता येतं.

हा टप्पा ठरवायला १९९८ साली स्थापन झालेल्या ‘आयरिस’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने चार पायऱ्या आखल्या. रक्तातलं क्रिएटिनिन १.६ मिलिग्रॅमला पोचलं की मांजर दुसऱ्या पायरीवर आलं असं धरतात, आणि साधारण तिथपासून पथ्याच्या खाण्याचा विचार सुरू होतो. दुसऱ्या पायरीवर रक्तातला फॉस्फरस ४.६ मिलिग्रॅमच्या आत ठेवावा, असं त्यांचं सांगणं आहे. पण क्रिएटिनिन वाढण्याआधीच मूत्रपिंडाची बरीच शक्ती गेलेली असते. म्हणून सात-आठ वर्षांपुढच्या मांजराची रक्त आणि लघवीची तपासणी वर्षाला एकदा करून घेणं बरं.

पाकिटावरचा आकडा

खाण्याच्या पाकिटावर प्रथिनांची टक्केवारी ठळक छापलेली असते. तिच्यावर किती विसंबावं, हे २००७ साली फार वाईट रीतीने कळलं. त्या वर्षी मार्चमध्ये मेन्यू फूड्स या कॅनडातल्या कंपनीने सहा कोटींवर डबे आणि पाकिटं बाजारातून परत बोलावली. ते खाणं खाऊन अमेरिकेत, कॅनडात मांजरांची आणि कुत्र्यांची मूत्रपिंडं एकाएकी बंद पडत होती. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलॅमिन हे रसायन मिसळलेलं निघालं. नेहमीच्या चाचणीत प्रथिनं थेट मोजत नाहीत. नत्र मोजतात आणि त्यावरून प्रथिनांचा अंदाज बांधतात. मेलॅमिनमध्ये नत्र ठासून भरलेला असतो, म्हणून भेसळ केली की आकडा फुगतो. त्याच्याशी सायन्युरिक आम्लाचा संयोग झाला, की मूत्रपिंडात खडे धरतात. दुसऱ्याच वर्षी, २००८ साली, हेच मेलॅमिन चीनमध्ये तान्ह्या बाळांच्या दुधाच्या भुकटीत सापडलं आणि सुमारे तीन लाख मुलं आजारी पडली. मांजरांच्या मरणातून मिळालेला इशारा तिथे कामी आला नाही.

फॉस्फरसचा आकडा तर पुष्कळ पाकिटांवर नसतोच. मांस आणि हाडांतून येणारा फॉस्फरस वेगळा. आणि चव, पोत यांसाठी कारखान्यात घातलेले फॉस्फेटचे क्षार वेगळे. हे क्षार शरीरात लवकर शोषले जातात. त्यांचं प्रमाण फार झालं तर निरोगी मांजरांच्या मूत्रपिंडांनाही इजा होते, असं २०१८-१९च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत दिसलं. दुसऱ्या बाजूला, आजार अगदी सुरुवातीला असताना फॉस्फरस फारच कमी केला तर काही मांजरांच्या रक्तात कॅल्शियम चढतं, हेही आता कळलं आहे. तेव्हा पथ्याचं खाणं सुरू केलं की तपासणी संपली, असं नाही. एक-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त पाहावं लागतं.

आपल्या घरात

आपल्याकडे मांजर पिढ्यान्‌पिढ्या दूधभातावर वाढलं, ते कसं? उरलेली बाजू उंदीर, पाली, चिमण्या भरून काढत. ब्लॉकच्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या मांजराला ती सोय नाही. त्यामुळे नुसत्या दूधभाताने त्याला टॉरिन पुरत नाही, आणि दुधातून फॉस्फरस मात्र जातो. शिवाय मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचत नाही. कोकणातली, मुंबईतली मांजरं सुकट, जवळा, सुके बोंबील यांवर जीव टाकतात. पण ही मासळी काट्यांसकट पोटात जाते, त्यामुळे फॉस्फरस भरपूर जातो, आणि खारवलेली असली तर मीठही. मूत्रपिंडं थकलेल्या मांजराला ती रोज घालू नये. कलेजीचंही तेच. नुसतं उकडलेलं चिकन निरुपद्रवी वाटतं, पण त्यात फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम जवळजवळ नसतं. महिनोन्‌महिने तेवढंच दिलं तर दुसरे विकार उभे राहतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग मात्र चांगल्या प्रथिनांचा आणि कमी फॉस्फरसचा. जोडीला थोडा द्यायला तो सोयीचा आहे.

घरीच सगळं शिजवू का, असंही विचारलं जातं. डेव्हिसच्या आहारतज्ज्ञांनी २०१२ साली मूत्रपिंडविकार असलेल्या कुत्र्या-मांजरांसाठी छापलेल्या ६७ पाककृती तपासल्या. त्यांपैकी एकही सर्व पोषकद्रव्यांच्या कसोटीला पूर्ण उतरली नाही. म्हणून घरी करायचंच असेल तर पशुवैद्यकीय आहारतज्ज्ञाकडून माप लिहून घ्यावं. कांदा-लसूण तर मांजराच्या खाण्यात कधीच नको. त्याने त्याच्या रक्तपेशी फुटतात. मूत्रपिंडासाठीचं तयार खाणं आता आपल्याकडेही मोठ्या शहरांत मिळतं. ते महाग आहे, हे खरंच. ते परवडत नसेल तर तसं पशुवैद्याला मोकळेपणाने सांगावं. म्हाताऱ्या मांजरांसाठीचं फॉस्फरस कमी असलेलं ओलं खाणं, किंवा खाण्यात मिसळून द्यायची फॉस्फरस बांधून ठेवणारी औषधं, असे मधले मार्ग असतात. ही औषधं मनाने देऊ नयेत.

ओलं की कोरडं? कोरड्या दाण्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास, तर डब्यातल्या ओल्या खाण्यात पाऊण हिश्शाहून अधिक. मांजराचे पूर्वज वाळवंटी प्रदेशातले. शिकारीतूनच बरंचसं पाणी घेणारे. त्यामुळे शक्य तिथे ओलं द्यावं आणि घरात तीन-चार ठिकाणी स्वच्छ पाणी ठेवावं. पण जन्मभर दाणे खाल्लेली मनी ओलं हुंगून निघून जात असेल, तर मूत्रपिंडासाठीचे दाणेही चालतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लंडनच्या त्या अभ्यासात २१ मांजरं पथ्याविना राहिली होती. त्यांतल्या काहींनी त्या खाण्याला तोंडच लावलं नव्हतं, हे विसरू नका. उत्तमात उत्तम खाणं बशीतच राहिलं तर त्याचा उपयोग शून्य. ‘भूक लागली की खाईल’ हे कुत्र्याच्या बाबतीत एकवेळ चालेल. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. म्हणून नवं खाणं मांजर बरं वाटत असताना सुरू करावं. दवाखान्यात सलाइन चालू असताना किंवा उलट्या होत असताना नाही. मळमळीत खाल्लेल्या पदार्थाचा मांजराला कायमचा तिटकारा बसतो. जुन्या खाण्यात नवं चमचाभर मिसळावं, हळूहळू वाढवावं, महिना लागला तरी लागू द्यावा. किंचित कोमट करून दिलं तर वास दरवळतो आणि मांजर बशीशी येतं. मळमळ थांबवायला आणि भूक वाढवायला औषधं आहेत. ती वेळेवर मागून घ्यावीत.

आणि तरीही मनीने पथ्याचं खाणं नाकारलंच, तर? तिला जे आवडतं त्यातलं कमी फॉस्फरसचं निवडावं, जोडीला औषध द्यावं, पण तिला खाऊ द्यावं. भरल्या पोटाने नेहमीचं खाणारं मांजर पथ्यापायी उपाशी राहिलेल्या मांजरापेक्षा जास्त जगतं. दर पंधरा दिवसांनी मनीला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहा, मग एकट्याचं वजन करा आणि दोन्हीतला फरक कॅलेंडरवर तारखेपाशी लिहून ठेवा. काटा बारीक फरक दाखवणारा असेल तर उत्तम. वजन सलग दोनदा उतरलं, तर तिसऱ्या वेळेची वाट न पाहता ते कॅलेंडर आणि मनी, दोघांनाही पशुवैद्याकडे घेऊन जा.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)